लिबार्दोचा लाल

स्टेशनच्या पादचारी पुलावर माणसं कठड्याला रेलून उभी होती. कामावर जायच्या वेळी या शहरात कुणी असं उभं राहत नाही, म्हणून एदिल्माला आधी वाटलं, कुणीतरी उडी मारली. पिशवी छातीशी धरून तिनं दोन खांद्यांमधून डोकं पुढं काढलं आणि खाली पाहिलं. नदीच्या पलीकडच्या काठानं, इटागुईचा ओढा येऊन मिळतो तिथपासून, एक लाल पट्टा निघाला होता. मधल्या करड्या पाण्यात तो लगेच मिसळत नव्हता, त्याला लागून लागून, अंग चोरून चालला होता, आणि दगड आला की त्याच्याभोवती फेसाची गुलाबी झालर उठत होती. शेजारचा हिरवा टी-शर्ट घातलेला माणूस फोन उंच धरून म्हणाला, "रविवारी फुटबॉलमध्ये असे हरलेत लाल संघवाले, की अजून रडतायत बिचारे." मागून कुणी उत्तर दिलं, "रडतोय कोण? नदीनं पक्ष बदललाय, बघून घे." हशा पिकला. एदिल्मा हसली नाही. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की किती सुंदर दिसतंय. त्याची लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही, कारण पाठोपाठ दुसरं आलं. हा लिबार्दोचा लाल आहे.

गर्दीत आपल्या माणसाचा खोकला ओळखू येतो, तसा तो ओळखू आला. बाजारातला लाल केशरीकडे झुकलेला असतो, झेंड्यांना तोच लावतात, स्वस्त पडतो. तिचा भाऊ लिबार्दो रंगारी, तो त्यात चिमूटभर निळं घालायचा. मग तो जरासा आत ओढल्यासारखा, पिकल्या पेरूच्या गाभ्यासारखा व्हायचा. "लाल नुसता ओरडत असला की माणूस दोनदा बघत नाही," असं तो म्हणे. सगळ्या खोऱ्यात असा लाल दुसरं कुणी करत नसे. आणि हे पाणी त्या लालाचं होतं, यात तिला शंका राहिली नाही. पिशवीत फोन वाजला. प्रयोगशाळेतली यामिले होती. ही दोघींची प्रयोगशाळा शहराच्या पाण्याचे नमुने तपासायची. "कुठं आहात डॉक्टर? नदीचे नमुने निघालेत, अर्ध्या तासात येतील. नदीखात्याचे बेदोया साहेब स्वतः ओढ्याच्या काठानं वर वर चाललेत, म्हणे उगम सापडेपर्यंत परत येणार नाही." एदिल्मा म्हणाली, "मला थोडा उशीर होईल." आणि ती पुलाच्या दुसऱ्या बाजूनं उतरली. आपण धावतोय हे तिला खाली आल्यावर कळलं. साठीला टेकलेली बाई, हातात डब्याची पिशवी, आणि धावतेय.

ओढ्याच्या काठचा रस्ता तिला डोळे मिटून चालता आला असता. याच रस्त्यानं लहानपणी ती लिबार्दोचा डबा घेऊन जायची, केळीच्या पानात बांधलेला भात आणि घेवडा. लिबार्दो तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर तो मोठ्या गिरणीच्या रंगखात्यात लागला होता. पुलाशी पोरं पैज लावत उभी असायची, आज ओढा कुठल्या रंगाचा येणार. लिबार्दो आदल्या रात्रीच तिच्या कानात सांगून ठेवायचा, "उद्या दुपारपर्यंत निळा, मग जांभळा, चादरी आहेत," आणि ती रोज जिंकायची. गोट्या, चिंचेच्या गोळ्या, एकदा तर एक आख्खा पतंग. रंग म्हणजे काय हे तिला पुस्तकात कळायच्या आधी असं कळलं, की ते कुठूनतरी भावाकडून येतात आणि वाहत आपल्यापर्यंत पोचतात. संध्याकाळी तो आला की अंगणातल्या दगडावर बसून कोपरापर्यंत हात घासायचा, आणि ती शेजारी बसून नखांतला रंग ओळखायची. तो एकेक नाव शिकवायचा. हा बिटाचा लाल. हा जिभेचा. हा जुन्या कौलाचा. हा रागावलेल्या आत्याचा. आई आतून म्हणायची, "पोरीला काही उपयोगाचं शिकव रे," आणि तो म्हणायचा, "मोनाला सगळं येणारे, बघ तू." केस जरा भुरे म्हणून तो तिला मोना, म्हणजे भुरी, म्हणायचा. आता ते पांढरे झाले तरी मोनाच.

पुढं तिला खरंच बरंच काही आलं. रसायनशास्त्र आलं, त्या ओढ्यात मासे का नव्हते ते आलं, पैज लावणाऱ्या पोरांच्या पायांवर चट्टे कसले उठायचे तेही आलं. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा ती ग्रंथालयात बसली होती, आणि तिला वाटलं होतं, आपलं लहानपण कुणीतरी कागदावर मांडून त्यापुढं विषाची खूण केली आहे असं. त्या रात्री तिनं लिबार्दोला काही सांगितलं नाही. पुढं गिरणी बंद पडली, त्यानं ओढ्याकाठी स्वतःची लहानशी रंगाईची शेड घातली, आणि मग मात्र तिनं सांगितलं. रागानं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "मग काढ ना तो रंग पाण्यातून. एवढी शिकलीस ती कशाला?" टोमणा होता की विनंती, तिला आजवर ठरवता आलं नव्हतं. पण त्यातूनच तिचं सगळं काम निघालं. कॉफीच्या दाण्यावरचं टरफल डोंगरात ढिगानं पडतं, कुणाला नको असतं. ते बंद भट्टीत जाळून कोळसा केला, आम्लात धुतला, की त्याला अंगभर भोकं पडतात, डोळ्याला न दिसणारी, आत गल्ल्या आणि गल्ल्यांत आणखी गल्ल्या. रंगीत पाणी त्यातून हळू सोडलं की रंग आतल्या भिंतींना धरून बसतो आणि पाणी मोकळं पुढं जातं. "पिऊन टाकतं म्हण की," लिबार्दो म्हणाला होता. "पीत नाही. स्पंज पितो. हा नुसता भिंतीला चिकटतो." त्यानं डोकं खाजवलं. "म्हणजे दुपारी आईकडं बायका यायच्या आणि भिंतीला पाठ लावून बसायच्या, तशा." "तशाच. आणि सगळी भिंत भरली की?" "मग पुढची बाई दारातून सरळ बाहेर," तो म्हणाला, आणि दोघं खूप हसली होती. विद्यार्थ्यांना ती हेच उदाहरण द्यायची.

शेडच्या मागं दोघांनी मिळून पिंपं मांडली होती. रंगाचं पाणी कोळशाच्या पिंपांतून थेंबाथेंबानं उतरून पत्र्याखालच्या हौदात साठायचं. हौद भरला की पेल्यात थोडं घ्यायचं, पांढऱ्या फडक्यासमोर धरायचं, निर्मळ असेल तरच ओढ्याची चावी उघडायची. जरा गुलाबी झाक दिसली तर कोळसा भरला, बदलायचा. यात चुकण्यासारखं काय होतं? गेल्याच महिन्यात तिनं बेदोयांच्या कचेरीत सगळ्यांसमोर हे मांडलं होतं. ओढ्याकाठचे बाकीचे रंगारी पाय पसरून बसले होते, आणि लिबार्दो कडक शर्ट घालून पहिल्या रांगेत. बाकीच्यांनी शेवटी कबूल केलं होतं, की डॉन लिबार्दोंचं (मानानं सगळे त्याला डॉन म्हणत) पाणी स्वच्छ जातं हे खरं, आम्हीही पिंपं बसवू. आता ते सगळे पुलावर उभे राहून फोटो काढत असतील. आपलं गणित चुकलं का? की कोळसा वाईट निघाला? की त्यानं मुद्दाम, घाई होती म्हणून, पिंपांना वळसा घालून पाणी सोडलं? यातलं शेवटचं खरं निघू नये, असं तिला फार वाटत होतं. पहिलं निघालं तरी चालेल.

शेडमध्ये वाफ भरली होती आणि रेडिओवर कुणी ढसाढसा रडल्यासारखं गात होतं. नेल्सी, त्याच्याकडं सगळ्यात जुनी कामाला असलेली बाई, काठीनं संघाच्या झेंड्यांचं कापड उलटंपालटं करत होती. लाल. लिबार्दो तराजूपाशी मीठ मोजत उभा होता, या वर्षी वाळलेला, पट्टा शेवटच्या भोकाच्याही आत ओढलेला. जानेवारीपासून त्याची छाती बिघडली होती, क्षय निघाला, गोळ्या चालू होत्या. दवाखान्यानं बरं होतंय म्हणून सांगितलं होतं.

"मोना! मंगळवारी सकाळी? कुणी मेलं का?"

"मागं चल."

"गुळाचं पाणी तरी घे. नेल्सी, हिला गरम—"

"लिबार्दो, मागं चल."

तो हात पुसत मागून आला. हौदाचा पत्रा तिनंच उचलला. चावी उघडीच होती, तळाशी गुडघाभर पाणी राहिलं होतं, आणि ते लाल होतं. इतकं लाल, की पत्र्याच्या खालच्या बाजूवर त्याचं प्रतिबिंब हलत होतं आणि लिबार्दोच्या हनुवटीवरही उजळ डाग पडला होता. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो घाबरेल, ओशाळेल, निदान सबब सांगेल. तो शांतपणे म्हणाला, "पहाटे उघडलं. काल सुट्टी होती ना, आठवड्याचं साठलं होतं सगळं. बघून उघडलं मी. पेल्यात धरून."

"फडक्यासमोर?"

"फडक्यासमोर. का, काय झालं?"

थट्टा करत नव्हता तो. वाकून त्याच पाण्याकडं बघत होता, आणि बघून पुन्हा तिच्याकडं. त्या क्षणी तिच्या मनात कितीतरी गोष्टी आपोआप जागा बदलून बसायला लागल्या. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तो फोनवर हसत सांगायचा, "औषधानं माझी लघवी अशी रंगून येते मोना, की बादलीत कापड टाकलं तर एखादा टॉवेल निघेल," आणि ती "शी" म्हणायची, आणि तो परत दुसऱ्या दिवशी तेच, आज कालच्यापेक्षा छटा गडद म्हणून. कधीतरी ही थट्टा बंद झाली होती. तिला वाटलं, कंटाळला. तिच्या वाढदिवसाला त्यानं आणलेली शाल, विटकरी रंगाची, "तुझ्या आवडीची हिरवी," म्हणून तिच्या खांद्यावर घातली होती. ती समजली, चेष्टा. आणि नेल्सीला तो अलीकडं सारखा विचारायचा, "सांग बघू, कसा उतरलाय?" परीक्षा घेतल्यासारखा, भुवया वर करून. नेल्सी बिचारी फुलून जायची, की डॉन लिबार्दो आपल्याला तयार करतायत.

"हे कुठल्या रंगाचं आहे?" एदिल्मानं हौदाकडं बोट केलं.

आत रेडिओवरचं गाणं संपून जाहिरात लागली.

"पाण्याच्या," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "नाही का?"

ती पिंपाच्या कडेवर बसली. तिला रडू आलं नाही, राग आला, कुणावर ते कळत नव्हतं. "कधीपासून?"

"कुणास ठाऊक. एकदम नाही गेला. आधी मळका झाला. मला वाटलं रंगच भेसळीचा येतोय, त्या दुकानदाराला शिव्या घातल्या मी. मग टोमॅटो पण मळके. मग आपल्या आईचा फोटो, तो लाल शालीचा." त्यानं हात हवेत हलवला. "म्हातारपण म्हटलं."

"दवाखान्यात दर महिन्याला विचारत नाहीत? डोळ्यांना काही होतंय का म्हणून? त्या गोळ्यांतली एक डोळ्यांना जड जाते, लिबार्दो, कुणालाही माहीत आहे ते, म्हणूनच विचारतात ते."

"विचारतात. मी सांगतो, घारीसारखे आहेत."

"का?"

"का म्हणजे? गोळी बंद केली तर परत छाती. आणि बंद नाही केली तरी, मोना, गावभर झालं असतं. रंगाऱ्याला रंग दिसत नाही. ढोलवाल्याचे हात गेल्यासारखं. तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी शेडला कुलूप लावलं असतंस."

"लावलंच असतं."

"मग झालं तर," तो म्हणाला, जणू वाद जिंकला.

तिला त्याला दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या, आणि त्याच वेळी त्याचं वाळलेलं मनगट हातात घ्यावंसं वाटलं. शेवटी तिनं मनगट धरलं, आणि तेही नीट नाही, बाहीच धरली. त्याच्या नखांच्या कडेला लाल होता. पन्नास वर्षं नखांतून न निघालेला, आणि आता त्याचा त्यालाच न दिसणारा. तो दर संध्याकाळी अजून हात घासत असेल का? घासून झालं हे त्याला कशावरून कळत असेल?

पुढच्या बाजूला गाडीचं दार वाजलं. बेदोया साहेब आत आले तेव्हा त्यांच्या विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल होता, मागं बाटल्यांची पेटी घेतलेला सहायक. काटक, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं एदिल्माला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "डॉक्टर, तुम्ही आधीच इथं? मला वाटत होतं इथं नसावं. वर चढताना प्रत्येक नळीशी देवाचं नाव घेत होतो, की ही नसू दे." कामावरच्या बायका काठ्या थांबवून बघायला लागल्या होत्या. बेदोयांनी हौद पाहिला, चावी पाहिली, पिंपांवर हात ठेवला. "म्हणजे कोळसा टिकला नाही तर. आता काय लिहू मी? बाकीचे लोक पिंपं घेणार होते. उद्या म्हणतील, कॉफीच्या कचऱ्यानं कधी नदी साफ होते काय."

तिच्यासमोर दोन वाटा इतक्या स्पष्ट उभ्या राहिल्या, की तिला त्यांचं नवल वाटलं. खरं सांगितलं तर कोळसा निर्दोष ठरत होता. भिंती भरल्या होत्या, भरणारच होत्या, पिंपांनी तसं गुलाबी पाण्यानं सांगितलंही होतं, बघणाऱ्याला दिसलं नाही एवढंच. तिचं काम वाचत होतं, ओढ्यातल्या पुढच्या सगळ्या पाण्याचं भलं होत होतं. फक्त इथं, या बायकांच्या समोर, डॉन लिबार्दोचा रंगाऱ्याचा डोळा जात होता. आणि न सांगितलं तर? तिला अंगणातला तो दगड आठवला नाही, पतंग आठवला नाही, खास असं काहीच आठवलं नाही. फक्त शेजारी त्याचा श्वास ऐकू येत होता, जरा घरघरणारा.

"माझं गणित चुकलं, साहेब," ती म्हणाली. "कोळसा किती दिवस पुरेल ते मी जास्त धरलं. यांचा दोष नाही. माझं नाव लिहा."

बेदोयांनी मान हलवली, खिशातून पेन काढलं. ते तिच्यावर विश्वास ठेवत होते, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

"खोटं बोलतेय ती," लिबार्दो म्हणाला.

"लिबार्दो, तू गप्प बस."

"लहानपणापासून अशीच. खोटं बोलताना मान ताठ करते, बघा, आत्तासुद्धा." तो पुढं आला. हात कुठं ठेवावेत ते त्याला समजेना, म्हणून त्यानं ते मागं बांधले, शाळेत उभं केल्यासारखे. "साहेब, पाणी बघायचं काम माझं होतं. मला लाल दिसत नाही. बरेच महिने झाले. कोळशानं त्याचं काम केलं, हिनंही केलं. मी बघितलं आणि मला ते पाणी साधंच दिसलं. तसं लिहा."

कढईतलं पाणी उकळत होतं. नेल्सीनं काठी कढईच्या काठावर आडवी ठेवली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत गेलं आणि एदिल्माला वाटलं, आता ही दुखावेल, इतके महिने आपल्याला फसवलं म्हणेल. नेल्सी म्हणाली, "म्हणून तुम्ही गेल्या आठवड्यात माझा केशरी पास केलात? मी म्हटलं, डॉन लिबार्दो मऊ झाले." आणि मग तिनं कमरेच्या फडक्यानं डोळे पुसले आणि रेडिओ बंद केला.

बेदोयांनी शेडला सील ठोकलं. ते करताना ते वारंवार क्षमा मागत होते, आणि लिबार्दो त्यांना खिळा कुठं धरायचा ते दाखवत होता, लाकूड तिथं कुजकं आहे म्हणून. ते सील पावसाळा संपेपर्यंत राहिलं. झेंड्यांचं काम दुसऱ्याकडं गेलं, ओरडणाऱ्या लालात झालं, आणि नेल्सीनं तोवर बहिणीच्या दुकानात बुन्युएलो, चीजचे गोल वडे, तळले. कोळशाबद्दल बेदोयांनी जे खरं तेच लिहिलं. तरी बाकीच्या रंगाऱ्यांपैकी काहींनीच पिंपं घेतली, काहींनी नाही. गोळी बदलली. छाती बरी झाली. डोळ्यांत नाताळच्या सुमारास लाल थोडासा परतला, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा, त्याहून पुढं तो कधी आला नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दुपारी ती त्याला धरून दवाखान्यात घेऊन गेली, आणि एक तरुण डॉक्टरीण त्यांच्यासमोर रंगीत ठिपक्यांची चित्रं मांडत बसली.

प्रत्येक चित्रात ठिपक्यांमध्ये एक आकडा दडलेला होता. एदिल्मा भावाच्या मागं खुर्चीवर बसली होती आणि तिला सगळे आकडे दिसत होते, नको इतके स्पष्ट. तिचं बोट आपोआप उठलं. त्याच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, आकडा गिरवून दाखवावा, कुणाला कळणार नाही. तिनं ते बोट दुसऱ्या हातात दाबून धरलं. "इथं काय दिसतंय, डॉन लिबार्दो?" "काही नाही." "इथं?" "ठिपके." "इथं?" पहिल्यापहिल्यांदा त्याचा आवाज बसलेला होता. मग तो हळूहळू मोकळा व्हायला लागला. "इथंही काही नाही, ताई. इथंही नाही. कागद मात्र चांगला वापरलाय हो." डॉक्टरीण हसू दाबत होती. शेवटी शेवटी तर पान उलटायच्या आधीच तो "नाही" म्हणत होता, आणि त्याचे खांदे खाली आले होते. इतके दिवस ते वर धरलेले होते हे एदिल्माला आत्ता, खाली आल्यावर, दिसलं.

बाहेर बाकावर दोघं औषधाची वाट बघत बसली. तिनं डबा उघडला, अरेपा, मक्याचा जाड रोट, मोडून अर्धा त्याला दिला. समोरून बस गेल्या, माणसं गेली. तो चावत होता आणि मध्येच थांबत होता, काहीतरी विचारायचंय पण जमत नाही तसा.

"नदीत कसा दिसत होता?" त्यानं विचारलं.

"लाज वाटत नाही विचारायला?"

"वाटते. सांग."

ती सांगायला लागली. फार वाईट झालं, ओढ्यातलं काय काय मेलं असेल, हे आधी सांगायला हवं होतं, आणि ते तिनं सांगितलंही, सगळं, आणि त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं, एकदाही तोडलं नाही. मग तो तसाच बसून राहिला, वाट बघत. तेव्हा ती म्हणाली, "पलीकडच्या काठानं चालला होता. पेरूचा. पण पेरूच्या बियांजवळ असतो ना, तिथला. कडेला जरा जांभळट. पाणी उथळ होतं तिथं दगड दिसत होते खालचे, आणि तेही आतून पेटल्यासारखे. मधल्या पाण्यात मिसळायलाच तयार नव्हता."

"जाड होता?"

"जाड. खालपर्यंत जाड."

त्यानं डोळे मिटले होते. कपाळावर आठी पडली. अरेपाचा तुकडा तळहातावर तसाच. त्याला वाईट वाटतंय असं समजून ती आणखी काही बोलणार होती, तेवढ्यात तो म्हणाला, "मग मीठ कमी पडलं."

"काय?"

"पाण्यात एवढा राहिला म्हणजे कापडावर बसलाच नाही धड. मीठ कमी पडलं, नाहीतर आच. नेल्सी आच लवकर काढते, मी किती वेळा सांगितलं." तो डोळे मिटूनच बोलत होता, भराभर, बोटांनी हवेत काहीतरी मोजत. "जांभळट म्हणालीस ना कडेला? म्हणजे निळंही जास्त झालं. मला तो नीट लागत नव्हता, म्हणून मी निळं वाढवत गेलो. थोडं थोडं. हा काही माझा लाल नव्हे, मोना. लोकांना काय वाटलं असेल."

"लोकांना फार सुंदर वाटला," ती म्हणाली.

आतून त्याचं नाव पुकारलं. तो उठला, दोन पावलं गेला, आणि परत येऊन तिच्या बाजूला वळला.

"पण पुढच्या वेळी मीठ आणि आच मी सांगेन, लाल तू बघ," तो म्हणाला, आणि उरलेला अरेपा तोंडात टाकून खिडकीकडं गेला.